घरची टाळी

धनराज वस्तादांना माणूस आवडला की त्या माणसाला दुखतं.

साधी ओळख असेल तर मानेवर एक चापट. जरा माया असेल तर मुंडकं बगलेत. आणि फारच जीव जडला, तर वस्ताद कवेत धरून वर उचलतात आणि त्या माणसाच्या आतून कट्ट असा आवाज येतो. स्वतःच्या लग्नात त्यांनी सख्ख्या मेहुण्याला अशी एक मिठी मारली होती. बहिणीची पाठवणी त्या बिचाऱ्याने कमरेला पट्टा बांधून केली, आणि तो रडला ते बहिणीसाठी की बरगडीसाठी, यावर त्या घरात अजून दोन मतं आहेत.

नाशकात दिंडोरी रोडला वस्तादांचं ट्रक-ट्रॉल्यांच्या स्प्रिंगचे पाटे ठोकायचं दुकान आहे. लाल झालेला पाटा ऐरणीवर ठेवून ते असा घण घालतात की शेजारचा चहावाला कपबशा हाताने धरून ठेवतो. हा दिवसभराचा विसावा. खरं काम पहाटे आणि संध्याकाळी, पंचवटीत घराला लागूनच असलेल्या तालमीत. तिथे लाल मातीच्या हौद्यात वीसेक पोरं एकमेकांना आपटत असतात आणि वस्ताद काठावर बसून, ‘अरे मारतोस का कुरवाळतोस त्याला?’ असं प्रेमाने विचारत असतात.

अशा या माणसाला आयुष्यात एकच कायदा ठाऊक होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. त्या भागातल्या जत्रांच्या कुस्त्यांत एक रीत आहे. दोन मल्ल बरोबरीत सुटले की पंच प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगतात आणि ज्याला टाळ्या जास्त, त्याला मान. मात्र ज्या तालमीचा मल्ल असेल तिथल्या माणसांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. घरची टाळी धरत नाहीत. एकदा याच मेहुण्याने भरात येऊन वस्तादांच्या पठ्ठ्यासाठी टाळी वाजवली. वस्ताद आखाडा ओलांडून त्याच्यापर्यंत गेले, त्याचा अंगठा धरला आणि किल्लीसारखा फिरवला. मेहुण्याचा तो अंगठा अजून फोनवर टाइप करताना कुरकुरतो.

तालमीची वेबसाइट काढली ती वस्तादांच्या मुलीने, निकिताने. ती गंगापूर रोडला एका ऑफिसात हॉटेलवाल्यांच्या वेबसाइट बनवते. अंगकाठी आईची, स्वभाव बापाचा. ऑफिसातल्या एका माणसाने तिचं काम स्वतःच्या नावावर खपवलं तेव्हा तिने त्याला कीबोर्ड फेकून मारला होता. त्या दिवशी वस्तादांनी गल्लीत पेढे वाटले.

वेबसाइटवर पोरांचे फोटो होते, तालमीत काढलेले व्हिडिओ होते आणि सगळ्यांत वर होता हुजैफा. हा जुन्या नाशकात गाद्या भरणाऱ्या जमीलभाईंचा मुलगा. बाप दिवसभर कापूस पिंजायचा, पोरगा माणसं. त्याचा हुकमी डाव ढाक. समोरच्याचा दंड बगलेत आवळायचा, कंबर फिरवायची आणि पाठीवरून असा फेकायचा की पडणाऱ्याला आपण कुठून निघालो होतो हेही आठवू नये. त्या ढाकेचा व्हिडिओ वस्तादांना इतका आवडायचा की जेवायच्या आधी, जेवल्यावर आणि मध्ये आमटी वाढेपर्यंत ते तो एकेकदा बघायचे. पोरांनाही सक्ती होती. तालमीला उशिरा आलास? शंभर बैठका काढ आणि पन्नास वेळा वेबसाइट उघड. लंगोट सैल बांधलास? आणखी पन्नास. बैठकांनी मांड्या भरतात तशी वेबसाइट बघून अक्कल भरेल, असा वस्तादांचा साधा हिशोब.

आणि वेबसाइटवर किती लोक येऊन गेले याचा आकडा निकिताच्या कॉम्प्युटरवर दिसायचा. तो रोज चारशेच्या वर.

दिंडोरीच्या पलीकडे एका गावाची जत्रा भरते. तिथली शेवटची कुस्ती मानाची. ती मारली की मोठमोठ्या मैदानांची आमंत्रणं येतात. जत्रेच्या गावाकडून साई लढणार हे ठरलेलं होतं. हा साई पुंजा वस्तादांचा पुतण्या. पुंजा वस्ताद दिंडोरीचे द्राक्षवाले. धनराज वस्तादांशी त्यांचं वैर इतकं जुनं आणि इतकं नेमाचं होतं की दोघांच्या बायका ते सणवारांत धरायच्या. साईसमोर कोणाला उतरवायचं, यावर जत्रा कमिटीचे अध्यक्ष सावळीराम अण्णांनी नाशकातल्या सगळ्या तालमींना बोलावलं आणि विचारलं, “कोणाच्या पैलवानाला बाहेरची पब्लिक जास्त ओळखते?”

वस्ताद उठले, शड्डू ठोकला आणि म्हणाले, “आमच्या हुजैफाला रोज चारशे माणसं बघत्यात. वेबसाइटवर. माझा शब्द हाय.”

वस्तादांचा शब्द म्हटल्यावर कमिटीने मान डोलावली. बाकीच्या तालमींकडे वेबसाइट नव्हती, आणि हुज्जत घालावी तर वस्तादांचा हात नुकताच मांडीवर आपटलेला होता. कुस्ती हुजैफाला मिळाली. जमीलभाईंनी नव्या लंगोटासाठी स्वतः कापड आणलं.

आठवड्याने निकिता लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली.

“पप्पा, हे चारशे लोक कोण आहेत माहितीये?”

“जनता.”

“जनता पंचवटीत राहते का?”

“राहतेच की.”

“एकाच घरात? एकाच राऊटरवर? आपल्या?”

वस्तादांचा घास हातात राहिला.

“काल तुम्ही स्वतः किती वेळा उघडली?” निकिताने विचारलं.

“जेवायच्या आधी.”

“आणि?”

“पोरांना विचार ना. मलाच काय धरतीस?”

“पोरांनाही विचारलं. एकट्या पोटे पैलवानाने काल दीडशे वेळा उघडली. तीन शिक्षा होत्या म्हणे. पप्पा, आपण उघडलं तरी आकडा वाढतो. मशीनला कळत नाही कोण घरचं, कोण बाहेरचं. आपण सांगावं लागतं.”

वस्तादांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मी घरची टाळी वाजवली?”

“रोज चारशे वेळा.”

वस्तादांनी ताट बाजूला सारलं. कायदा तो कायदा. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा अंगठा धरला आणि पिरगळायला सुरुवात केली. अंगठाही त्यांचा आणि पिरगळणारा हातही त्यांचाच, त्यामुळे निकाल काही लागेना. दोन्हीकडून सारखाच जोर. ते लाल झाले, पाट मोडला, आमटी सांडली, शेवटी निकिताने डोक्यात पोळपाट घातला तेव्हा कुस्ती सुटली.

“आपल्या भेटी वगळता येतात,” ती दम खात म्हणाली. “आपल्या राऊटरला बाहेर एक नंबर असतो. तो नंबर दिला की तिकडून आलेलं कोणी मोजत नाही.”

“मग वगळ. लगेच.”

तिने वगळलं. दुसऱ्या दिवशी आकडा एकदम खाली आला. वस्तादांनी तो बघितला, भिंतीवरचा राऊटर खिळ्यासकट उपटला आणि हौद्यात आपटला. मग राग शांत झाल्यावर स्वतःच मातीतून उचलला, लंगोटाने पुसला आणि परत लावला. बिचारा चालू झाला. आणि त्यानंतरच्या दिवशी आकडा पुन्हा तीनशे!

“आली! जनता आली!” म्हणून वस्तादांनी पोटे पैलवानाला मिठी मारली. कट्ट.

“सोडा त्याला,” निकिता ओरडली. “राऊटर बंद पडून परत सुरू झाला की त्याला नवा नंबर मिळतो. नाव बदलून आखाड्यात उतरल्यासारखं. हे परत आपणच आहोत!”

“मग त्याला बांधून ठेव.”

“आधी तुम्हाला बांधते.”

शेवटी तिने वेगळा मार्ग काढला. ज्या फोनवरून वेबसाइट उघडते त्या फोनवरच एक खूण करून ठेवायची. मोजणाऱ्याला खूण दिसली की तो समजणार, हा घरचा, आणि सोडून देणार. मग राऊटर कितीही आपटा. संध्याकाळी सगळी पोरं हौद्याच्या काठाला रांगेने उभी राहिली. एकेकाचा फोन निकिताने घेतला, खूण केली. वस्तादांचा फोन, त्यांच्या बायकोचा, चंद्रभागावहिनींचा फोन, ज्यावर व्हिडिओ काढायचे तो तालमीचा जुना फोन, सगळ्यांवर. एका पोराने दुसरा फोन चड्डीत लपवला होता. वस्तादांनी त्याला पायाला धरून उलटा केला आणि फोन पडेपर्यंत हलवला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद कामावर गेले नाहीत. लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. निकिताने पान उघडलं.

एक.

“चारशेतला एक?” वस्तादांनी विचारलं.

“सगळा मिळून एक.” तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. “पण हा खरा आहे, पप्पा. रोज सकाळी येतो. फक्त हुजैफाच्या ढाकेचा व्हिडिओ बघतो. परत परत. कोण आहे ते कळत नाही. दिंडोरीकडचा दाखवतंय, पण त्यावर फार विसंबू नका.”

वस्तादांनी त्या एकाच्या आकड्यावर आपला जाडजूड तळहात ठेवला. “भला माणूस,” ते म्हणाले. “सकाळी सकाळी आपल्या पोराला बघतो. देव त्याचं भलं करो.”

मग उठून त्यांनी हुजैफाला बोलावलं. “चल. शब्द मागे घ्यायचाय.”

हुजैफाला कळलं ते. तो नुसता हौद्याजवळच्या खांबावर डोकं आपटत राहिला. खांबाचा चुना पडला.

कमिटी जत्रेच्या मैदानातल्या मांडवात बसली होती. सावळीराम अण्णा माइक हातात घेऊन मांडववाल्याला शिव्या देत होते आणि त्या अख्ख्या गावाला ऐकू जात होत्या. एका कडेला पुंजा वस्ताद साईच्या खांद्याला तेल चोळत बसले होते. धनराज वस्ताद मधोमध उभे राहिले आणि म्हणाले,

“अण्णा, मी चारशे बोललो. ते आम्हीच होतो. घरची टाळी. ती काढली तर एक उरतो.”

“एक हजार?” अण्णांनी माइकमध्येच विचारलं.

“एक माणूस.”

मांडव असा हसला की कनातीचे बांबू हलले. कोणीतरी मागून ओरडलं, “तो बी चुकून गेला आसंल!” हुजैफा खाली मान घालून उभा होता. त्याचे कान तांबडे झाले होते. वस्तादांनी हात पाठीमागे बांधले होते आणि पाठीमागे ते हात एकमेकांचा गळा दाबत होते.

“मग नियमाने तुमचा पठ्ठा बाद,” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या तालमीचा बोलावू.”

“बाद कसा?” पुंजा वस्ताद तेलाची वाटी लवंडून उभे राहिले. “नाय जमायचं! माझ्या साईची तयारी ह्याच पोरावर झालीय. ढाक मारताना ह्याचा डावा पाय लांब पडतो. तिथंच साई त्याला मोडणार हाय. दुसरं कोणी आणलं तर मी काय करू?”

धनराज वस्तादांनी हात सोडले.

“पुंजा. ती ढाक पोरानं अजून कुठल्या मैदानात मारली नाय. फक्त तालमीत. डावा पाय तुला कुठं दिसला?”

पुंजा वस्तादांनी साईकडे बघितलं, साईने मांडवाकडे बघितलं.

“दिसला आसंल कुठं.”

“तो तू?”

“मी नाय.”

“रोज सकाळी?”

“दात घासताना फक्त!” पुंजा वस्ताद ओरडले, आणि तेवढ्यात धनराज वस्तादांचं डोकं त्यांच्या पोटात शिरलं.

पुढे जे झालं त्याला कुस्ती म्हणता येणार नाही. कुस्तीत चावत नाहीत. दोघांची वयं मिळून शंभरीपार, पण मांडवाचा एक खांब गेला, सतरंजी फाटली, खुर्च्या पायाखाली काटक्यांसारख्या मोडल्या. पुंजा वस्तादांनी कान धरला, धनराज वस्तादांनी मिशी. “चोरून बघतोस!” — थाड. “दाखवतोस कशाला मग!” — थाड. “भला माणूस म्हणालो तुला!” — थाड थाड. सावळीराम अण्णा सोडवायला गेले आणि माइकचा दांडा कपाळावर घेऊन परत आले. माइक चालूच होता, त्यामुळे सगळा आवाज गावभर गेला आणि बघायला इतकी गर्दी जमली की अण्णांनी कपाळावर रुमाल दाबूनच निकाल दिला, “ह्या दोघांपेक्षा पोरांना लढू द्या. हुजैफा लढेल!”

परत येताना मोटरसायकलवर वस्तादांच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि ते गाणं गुणगुणत होते.

“वस्ताद, आता ढाक बेकार झाली,” मागून हुजैफा म्हणाला.

“बेकार? आता तर कामाला आली. त्याला ठाऊक हाय तू ढाक मारणार. मार ना. नुसती दाखव.”

त्यानंतर तालमीत कॅमेरा बंद झाला आणि हुजैफाचे हाल सुरू झाले. ढाकेची कंबर फिरवायची आणि अर्ध्यात सोडून खाली बुडी मारून समोरच्याचा एक पाय उचलायचा. एकेरी पट. पोटे पैलवान पडून पडून निळा झाला. हुजैफाचा ओठ फाटला, कोपर सोललं, एका डोळ्याची फट उरली. जमीलभाई डबा घेऊन आले, पोराकडे बघितलं आणि म्हणाले, “वस्ताद, ये मेरा बेटा है या गादी?”

“गादीच हाय भाई. अजून जरा पिंजायची राहिली.”

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडली तेव्हा मैदान खचाखच भरलं होतं. साई म्हणजे द्राक्षबागेचा सिमेंटचा खांबच. पहिल्याच झटापटीत त्याने हुजैफाच्या मानेवर असा हात ठेवला की हात ठेवतोय की मान उपटतोय ते कळेना. टाळूला टाळू आपटली तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी आपापली डोकी चाचपली. साईच्या भुवईवर चीर पडली, रक्त डोळ्यात उतरलं. हुजैफाच्या तोंडात माती गेली, ती त्याने रक्तासकट थुंकली. साईने त्याला दोनदा उचलून आदळलं. दोन्ही वेळा तो मांजरासारखा पोटावर पडला आणि दोन्ही वेळा त्याच्या बरगड्यांवर साईचा गुडघा उतरला. धनराज वस्ताद हात पाठीमागे बांधून उभे. त्यांनी स्वतःचं मनगट इतकं आवळलं होतं की बोटं काळी पडली होती.

मग हुजैफाने साईचा दंड बगलेत घेतला. कंबर फिरवली.

“डावा पाय!” पलीकडून पुंजा वस्ताद किंचाळले.

साईने डाव्या पायावर आपला सगळा जोर झोकला. तिथे पाय नव्हताच. हुजैफा खाली गेला होता. त्याने साईचा गुडघा छातीशी धरला, वर उचलला आणि त्याच्यासकट मातीत कोसळला. साईचे दोन्ही खांदे इतक्या जोरात टेकले की धुळीत त्यांचे ठसे उमटले. चितपट.

मैदान उसळलं. वस्तादांनी टाळी वाजवली नाही. ते आत धावले, हुजैफाला उचललं आणि मिठी मारली. दोन बरगड्या साईने हलवल्या होत्या, तिसरी वस्तादांनी. पुंजा वस्ताद मात्र कुठे दिसले नाहीत.

आता वेबसाइटवर जनता लोटेल, असं वस्तादांना वाटलं होतं. पण ती कुस्ती जत्रेतल्या झाडून सगळ्यांनी आपापल्या फोनवर घेतली आणि ग्रुपवर फिरवली. वेबसाइटवर यायची कुणाला गरजच पडली नाही. आणि तो एक, तोही येईना. आकडा शून्य. रोज शून्य. मोठ्या मैदानांची आमंत्रणं आली, हार आले, पण वस्ताद सकाळी लॅपटॉपसमोर बसायचे आणि दुकानात जाऊन पाटे वाकडे ठोकायचे. एका ट्रकवाल्याने तक्रार केली, तर वस्तादांनी त्याला मारलंसुद्धा नाही. तेव्हा घरचे घाबरले.

एका सकाळी वस्ताद मोटरसायकल काढून थेट दिंडोरीला गेले. पुंजा वस्ताद बागेत ट्रॅक्टरवर बसून फवारणी करत होते. धनराज वस्तादांनी त्यांना कॉलरला धरून खाली ओढलं.

“का येत नाहीस?”

“कुठं?”

“वेबसाइटवर!”

“सोड! घडाला धक्का लागला तर मुडदा पाडीन!”

ही धमकी वस्तादांना पटली. त्यामुळे पुढची मारामारी दोघांनी वेलींच्या मांडवाखाली वाकून, घड सांभाळत केली. पाठीत गुद्दा, मग “तार बघ, तार!”, मग परत गुद्दा. दमल्यावर दोघं मातीत बसले.

“फोन गेला,” पुंजा वस्ताद म्हणाले.

“कुठं?”

त्यांनी फवारणीच्या टाकीकडे बोट केलं. “कुस्ती हरलो त्या दिवशी फेकला. औषधात विरला. चार ओळींवर फोनच फवारला मी.”

“साईच्या फोनवर बघायचं.”

“त्याच्याच फोनवर त्याला पाडणाऱ्याची ढाक बघू? माणूस हाय का कोण हाय मी?”

धनराज वस्तादांनी खिशातून तालमीचा जुना फोन काढला आणि त्यांच्या छातीवर आपटला. “घे.”

“भीक नको तुझी.”

“भीक नाय. बघ आणि शिव्या घाल.”

पुंजा वस्तादांनी एक गुद्दा घातला आणि फोन ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शून्य. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वस्तादांनी फोन लावला. “बघितलंस का रे?”

“बघितलं की! दोनदा!” पलीकडून आवाज इतका मोठा की निकिताने चहा सांडला. “जत्रेतली कुस्ती बी टाकलीय तुम्ही, ती बी बघितली. पट काढताना तुझ्या पोराचा उजवा हात ढिला पडतो. सांग त्याला. दुसरा कोणी आसता तर मोडला आसता!”

निकिताने कपाळावर हात मारला. “तालमीचा फोन दिलात त्यांना? त्यावर आपली खूण आहे पप्पा! ते शंभरदा उघडतील, पण मोजले जाणारच नाहीत. बोलवा त्यांना फोन घेऊन, काढून टाकते. पाच मिनिटांचं काम.”

वस्ताद विचारात पडले. हे त्यांच्या बाबतीत क्वचित होतं आणि ते चेहऱ्यावर दुखण्यासारखं दिसतं.

“राहू दे,” ते म्हणाले.

“अहो पप्पा, मग शून्यच दिसेल!”

“दिसू दे.” आणि त्यांनी निकिताच्या मानेवर अशी चापट मारली की तिचा उरलेला चहाही सांडला. तिने त्यांना बशी फेकून मारली.

संध्याकाळी तालमीत हुजैफा मातीत उतरला तेव्हा वस्ताद आज काठावर बसले नव्हते. लंगोट लावून समोर उभे होते.

“पट काढताना उजवा हात ढिला पडतो तुझा.”

“कोण बोललं, वस्ताद?” हुजैफाने विचारलं. “निकितादीदीच्या कॉम्प्युटरवर तर कोणीच नाही.”

“घरचे बोलत्यात,” वस्ताद म्हणाले, आणि त्याचा ढिला हात धरून त्याला पाठीवरून मातीत आपटला.